आंबट मातीचा पाहुणा

फळांच्या दुकानात हल्ली एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. पारदर्शक डबीत जपून ठेवलेली, करवंदाएवढी, निळसर जांभळी फळे. अंगावर भस्म फासल्यासारखी पांढुरकी झाक. नाव ब्ल्यूबेरी. एके काळी हे नाव पुण्या-मुंबईच्या केकवर वाचायला मिळे. आता आमच्या नांदेड-लातूरकडेही ही डबी अधूनमधून दर्शन देते. डबी उलटी करून गावाचे नाव पाहावे, तर तिथे लिहिलेले असते ‘पेरू’! आपल्याकडे पेरू हे फळ, तिकडे तो देश. ‘पेरूची ब्ल्यूबेरी’ हे शब्द कानांवर पडले तेव्हा आमच्या सासूबाईंना वाटले, कुणीतरी दोन फळांचे कलम केले असावे.

नवे फळ घरात आले की मराठी घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, कितीला पडले? आणि दुसरा, आपल्याकडे लावले तर येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घरातली वडील माणसे गप्प होतात, आणि नेमके त्याच वेळी धाकट्या माणसांना दुसरा प्रश्न सुचतो. आमच्या घरी तो आमच्या लेकीला सुचला.

इथे थोडी घरची माहिती सांगायला हवी. मी नांदेडला एका महाविद्यालयात मराठी शिकवते. सासरचे घर लातूरला. तिथे सासूबाई एकट्या असतात. दहावीनंतर मुलांना लातूरला धाडायचे, ही आमच्या भागातली आता रूढीच झाली आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. त्या रूढीप्रमाणे आमची लेक २०२३ च्या जूनमध्ये अकरावीसाठी आजीकडे राहायला गेली, आणि जुलैत तिने खाऊच्या पैशांतून ब्ल्यूबेरीचे वीतभर रोप मागवले. सकाळपासून रात्रीपर्यंत जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या मुलीला गुण न देणारे एखादे जीवशास्त्र हवे असेल, तर नाही कसे म्हणायचे?

पण लातूरची जमीन मात्र ‘नाही’ म्हणते, आणि ते अगदी स्पष्ट म्हणते. आपली काळी माती म्हणजे कापसाची, ज्वारीची, तुरीची माय. तिच्यात चुनखडी मुरलेली. ब्ल्यूबेरीला मात्र चुन्याचे वावडे. माती किती आंबट आणि किती खारी हे सांगायला शेतीच्या पुस्तकांत ‘सामू’ हा शब्द वापरतात. सात म्हणजे ना आंबट ना खारी. सातच्या खाली आंबट, वर खारी. आमच्या काळ्या मातीचा सामू आठाच्या आसपास भरतो, आणि या पाहुण्याला हवा साडेचार ते साडेपाच. घरगुती भाषेत सांगायचे तर ताकाइतकी आंबट माती! आठ आणि पाच यांत अंतर तीनचे दिसते खरे, पण या मोजपट्टीवर एकेक पायरी दहा पटींची असते. म्हणजे हे अंतर हजार पटींचे झाले.

अशा चुनखडीच्या मातीत ब्ल्यूबेरी लावली तर काय होते? मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्याकडे भुईमुगावर असे झाले की ‘केवडा पडला’ म्हणतात. शब्द फार सुंदर, रोग वाईट. शिवाय या झाडाची मुळे केसांसारखी बारीक, वरच्यावर पसरणारी. इतर झाडांच्या मुळांना अन्न शोषणारे रोम असतात, ते हिला नाहीत. रानात एक प्रकारची बुरशी मुळांत घर करून तिला अन्न मिळवून देते. थोडक्यात, हा पाहुणा नाजूक प्रकृतीचा आहे आणि त्याचे पथ्य कडक आहे.

हे पथ्य माणसाला समजले, त्याला अजून सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. अमेरिकेतले लोक रानातली ब्ल्यूबेरी पिढ्यान्पिढ्या खात आले, पण ती बागेत लावली की मरे. वॉशिंग्टनच्या शेतीखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी कुंड्यांत रोपे वाढवून याचा छडा लावला, आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. निष्कर्ष मोठा मौजेचा होता. चांगली खतावलेली, चुना घातलेली बागेची माती, जिच्यात इतर झाडे माजतात, तिच्यातच ही झुरते; आणि ज्या आंबट, निकस जमिनीकडे शेतकरी पाहतही नाही, तिथे ती सुखाने नांदते. न्यू जर्सीतल्या एका शेतमालकाची मुलगी, एलिझाबेथ व्हाइट, हिने ती पुस्तिका वाचली आणि १९११ मध्ये कोव्हिलना आपल्या शेतावर प्रयोगाचे आमंत्रण दिले. रानात फळे वेचणाऱ्या माणसांना तिने सांगितले, ‘मोठ्या फळांची झुडपे दाखवा, पैसे देईन.’ फळ मोजायला पाऊण इंचाहून जरा लहान भोकाचे मापही त्यांच्या हाती दिले. ज्याने झुडूप दाखवले, त्याचे नाव त्या झुडपाला. १९१६ मध्ये त्यांचे पहिले पीक बाजारात गेले. आज दुकानातल्या डबीत दिसणाऱ्या फळाचा वंश त्या वेचणाऱ्यांच्या नजरेपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणजे कुंडी ही या फळाच्या बाबतीत गच्चीवरच्या हौशी माणसाची पळवाट नव्हे. त्याचे पहिले धडेच कुंडीत गिरवले गेले आहेत.

तेव्हा लातूरच्या मातीचा प्रश्न कुंडीने सोडवला. लेकीने रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घासूनपुसून घेतली आणि तळाला भोके पाडली. सिमेंटची कुंडी आमच्याकडे सर्रास मिळते, पण तिच्यातूनही चुना उतरतो म्हणून ती वर्ज्य. बादलीत बागेची माती चिमूटभरही घातली नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा दोन-तीनदा धुऊन त्यातला खार काढला. त्यात भाताचे तूस आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. शेजारी कृषिखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी गंधकाची पूड अगदी बेताने घालायला सांगितली. गंधक घातल्या घातल्या माती आंबट होत नाही. मातीतले जिवाणू आठवड्यांमागून आठवडे ते काम करतात. म्हणून दोन-तीन महिन्यांनी सामूची पट्टी बुडवून पाहावी, आणि मगच पुन्हा गंधकाला हात लावावा. राख नको, अंड्याची टरफले नकोत, शेणखताचा मारा नको. वरखत म्हणून अमोनियम सल्फेट, तेही औषधासारखे. गल्लीतल्या एका काकूंनी ‘रोज पेलाभर ताक घाल’ असाही सल्ला दिला. ताकाचा आंबटपणा मातीतले जीव दोन दिवसांत संपवतात आणि मागे उरतो तो वास आणि मुंग्या; तेव्हा ताक प्यायचे, झाडाला घालायचे नाही, असे ठरले.

एवढे सगळे मांडून झाल्यावर सासूबाई गच्चीवर आल्या. त्यांनी बादली पाहिली, रोप पाहिले, आणि एकच विचारले, “काय करायलीस ते दिसलं गं. पण याला पाणी किती लागायलंय? अन् ते कुणाचं?”

वाचकहो, हा प्रश्न लातूरच्या आजीचा आहे. तो ज्यांनी २०१६ चा उन्हाळा पाहिला त्यांनाच पडतो. धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिचे नाव ‘जलदूत’. पहिल्या गाडीचा हिशेब सासूबाईंनी त्याच दिवशी केला होता. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर; म्हणजे माणशी सव्वा लिटर. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर चौदा कुंड्या होत्या. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका घमेल्यात साठे, त्यात जेवढी भागतील तेवढीच ठेवायची, असे त्यांनी ठरवले. तुळस ठेवली, लिंबू ठेवला, करवंदाची जाळी ठेवली. मोगरा, जास्वंद, तीन गुलाब यांना पाणी बंद. “वाळताना बघवत न्हवतं, म्हणून मी संध्याकाळी गच्चीवर जायचंच सोडलं होतं,” हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

आणि इथेच हा पाहुणा अडचणीचा ठरतो. लिंबू आणि करवंद स्वयंपाकघरातल्या सांडपाण्यावर जगतात. कुरकुर करत नाहीत. ब्ल्यूबेरीला ते चालत नाही. आमच्याकडच्या कूपनलिकेच्या पाण्याने भांड्याच्या तळाला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो. तेच पाणी कुंडीत रोज ओतले, तर गंधकाने महिनाभरात कमावलेला आंबटपणा ते मुकाट्याने खाऊन टाकते. माती तुम्ही एकदा बनवाल. पाणी मात्र रोज घालावे लागते, आणि रोजचे पाणी अखेर मातीला आपल्यासारखी करून सोडते. हिला हवे ते बिनचुन्याचे, मऊ पाणी. ते लातूरमध्ये एकाच ठिकाणी मिळते, आभाळात. पावसाचे पाणी मुळातच किंचित आंबट असते, हे आणखी बरे.

मग आजी आणि नात हिशेबाला बसल्या. गच्ची साठ चौरस मीटरची. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या एका दमदार पावसात गच्चीवरून दोन हजार चारशे लिटर वाहून जाते. पाण्याचा तोटा नव्हता. तोटा होता भांड्यांचा. रिकामा ड्रम एकच होता, दोनशे लिटरचा. खर्चाची बाजू अशी. ऑक्टोबर ते जानेवारी रोज पाऊण लिटर, म्हणजे नव्वद लिटर. फेब्रुवारीपासून मेअखेर रोज दोन लिटर, म्हणजे दोनशे चाळीस. एकूण तीनशे तीस. दोनशे लिटर मार्चअखेर संपणार, हे कागदावर स्वच्छ दिसत होते. सासूबाईंनी अट घातली, “आभाळातलं पाणी असेल तोवर झाड माझ्या गच्चीवर. टँकरचा एक तांब्याही मिळायचा नाही.” लेकीने ती मान्य केली, आणि उन्हाळ्यापुरते झाड नांदेडला नेण्याचे ठरले. तिथे मी दोन ड्रम भरून ठेवायचे.

गच्चीच्या पन्हाळाखाली ड्रम बसला. पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून द्यायचे, पुढचे घ्यायचे. तोंडाला जुन्या धोतराचे दुहेरी फडके, डास होऊ नयेत म्हणून. जुलैत ड्रम भरला आणि पावसाने पाठ फिरवली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ड्रममधली पातळी रोज बोटाने मोजली जाऊ लागली. प्रवेशपरीक्षेच्या वर्गातून दमून आलेली मुलगी दप्तर टाकून आधी गच्चीवर जाई, हे सासूबाई मला फोनवर सांगत. त्यांच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, ते मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही. सप्टेंबरात पाऊस परतला, ड्रम काठोकाठ भरला.

हिशेबाप्रमाणे २०२४ च्या पाडव्याला ड्रमने तळ दाखवला, आणि परीक्षा संपल्यावर मायलेकी बादली घेऊन लातूर-नांदेड एस.टी.त बसलो. बादलीला गोणपाट गुंडाळलेले, वर हातभर झुडूप. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले, “बाई, हे काय लिंबू हाय का?” लेकीने सविस्तर माहिती दिली. ती ऐकून तो म्हणाला, “एवढ्या नाजूक माणसाचं पूर्ण तिकीट घ्यायला पाहिजे!” नांदेडचे ऊन लातूरपेक्षा कडक, पण आमच्या मागच्या अंगणात शेजाऱ्यांच्या कडुनिंबाची सावली दुपारनंतर येते. सकाळचे ऊन, दुपारची सावली, बादलीभोवती ओले गोणपाट, एवढ्यावर पाहुण्याने उन्हाळा काढला. जूनमध्ये झाड पुन्हा लातूरला गेले, आणि तिथे पाहते तो पन्हाळाखाली दोन ड्रम! दुसरा सासूबाईंनी स्वतःच्या पैशांनी आणवला होता. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

माती बनवता आली, पाणी साठवता आले. हवा मात्र आहे तशीच घ्यावी लागते. उत्तरेकडच्या जातींना फुलण्यापूर्वी कडक थंडीची झोप लागते. रोपे हिवाळाभर उबेत ठेवली तर ती पुढे वाढतच नाहीत, हेही कोव्हिलनीच दाखवून दिले. लातूरची थंडी त्या मानाने लुटुपुटीची. म्हणून अत्यल्प थंडीवर भागवणारी जात निवडावी लागते. आमची ‘बिलॉक्सी’ तशी आहे, अमेरिकेच्या दक्षिण भागात निपजलेली. २०२५ च्या जानेवारीत तिला पहिली फुले आली. पांढरी, लहानशा घंटेसारखी, तोंड खाली. यांचा पराग मिठाच्या डबीतल्या मिठासारखा भोकांतून सांडतो, आणि तो सांडायला फूल हलावे लागते. रानात हे काम भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या माश्या करतात. गच्चीवर ते लेकीने बोटाच्या टिचक्यांनी केले. बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत रोज सकाळी पाच मिनिटे. आजी म्हणे, “अभ्यासातून उठलीस?” नात म्हणे, “आजी, हाही अभ्यासच आहे.”

फळे धरली सतरा. पाच बुलबुलांनी नेली. उरलेली बारा एप्रिलमध्ये पिकली. एक देवापुढे ठेवले, एक सासूबाईंनी खाल्ले. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “गोड हाय. पण जांभळासारखं जीभ धरत न्हाई.” यापेक्षा नेमके परीक्षण मला पुस्तकी भाषेत करता आले नसते.

आता तुम्ही म्हणाल, बारा फळांसाठी एवढा खटाटोप? डबी विकत घ्यावी हे बरे! पण त्या डबीतल्या फळालाही कुणीतरी कुणाचे तरी पाणी पाजलेलेच असते. पेरू हा देश अलीकडच्या वर्षांत ब्ल्यूबेरीच्या निर्यातीत जगात पहिला आला आहे, आणि त्याच्या बागा आहेत समुद्रकाठच्या वाळवंटात. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. अँडीज पर्वतातल्या नद्यांचे पाणी कालव्यांनी खाली आणले आहे. ओल्मोस नावाच्या योजनेत तर त्यासाठी पर्वताच्या पोटातून सुमारे वीस किलोमीटरचा बोगदा खणला आहे. आमच्याकडे मिरजेचे पाणी आगगाडीने आले ते पिण्यासाठी. तिकडे डोंगरापलीकडचे पाणी येते ते फळांसाठी. सासूबाईंचा प्रश्न, ‘पाणी किती आणि कुणाचे’, वाळवंटातल्या बागेलाही तेवढाच लागू पडतो. फरक एवढाच, की डबी उघडताना तो विचारायला कुणी समोर नसते.

म्हणून ज्यांना हौस आहे त्यांना मी एवढेच सांगेन. कुंडी आणण्याआधी गच्चीचा पन्हाळ पाहा. जमिनीतले झाड आपले पाणी स्वतः शोधते. कुंडीतले झाड तुमच्या हाताकडे पाहत असते. जेवढ्या कुंड्यांना चैत्र-वैशाखात पाणी देता येईल, तेवढ्याच दिवाळीला मांडाव्या. पावसाचे तीन-चारशे लिटर पाणी साठवायची सोय असेल, तर ब्ल्यूबेरीची एक बादली जरूर ठेवा. नसेल तर लिंबू, डाळिंब, अंजीर आणि करवंद ही मंडळी आपल्या मातीची, आपल्या पाण्याची आहेत. त्यांना ताकाची माती लागत नाही की आभाळाचे पाणी लागत नाही. करवंदाला तर खडकाळ मुरूमही गोड लागतो. आणि निळे फळच हवे असेल, तर जांभळाने आपले काय वाईट केले आहे?

लेक आता पुढच्या शिक्षणासाठी परगावी गेली. तिची बादली लातूरच्या गच्चीवरच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले, उभी पिके पाण्यात गेली, कित्येकांच्या शेतांतली मातीही वाहून गेली. त्या पावसाचे आमच्या गच्चीवर साठले ते चारशे लिटरच. कारण भांडी तेवढीच होती. दोन्ही ड्रम भरल्याचे सासूबाईंनी मला फोनवर कळवले, आणि विचारले, “अगं, नांदेडला तुझ्याकडं आणखी एखादा रिकामा ड्रम हाय का?”